जमनाकाकीचं चालू मशीन

मागच्या आठवड्यात मला कोर्टाचं समन्स आलं. पंच म्हणून साक्षीला हजर राहावे, वगैरे. समन्स घेऊन आलेल्या शिपायाला मी म्हटलं, "अहो, साक्ष देते मी, पण कोणाविरुद्ध? तुमची आरोपी गेल्या उन्हाळ्यात वारली." तो बिचारा कागद उलटसुलट करून बघायला लागला. म्हणाला, "मग मरणाचा दाखला कोणीतरी कोर्टात द्यायला पाहिजे. तोपर्यंत केस चालूच राहणार." म्हणजे जमनाकाकी गेली, तिचं दिवसकार्य झालं, तरी सरकारच्या लेखी ती अजून उभीच आहे. तिला हे कळलं असतं तर तिने मांडीवर थाप मारली असती. "बघितलंस? मी मेले तरी घाबरतात," म्हणाली असती.

गुन्हा काय, तर काकी नकली गेम विकायची. आणि विकायची हे तिने कधीही नाकारलं नाही, इथूनच सगळी पंचाईत सुरू झाली.

डहाणू रोडला स्टेशनातून बाजाराकडे जाणाऱ्या बोळात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारचा गाळा काकीचा. गाळा कसला, दोन भिंतींमधली फट. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. त्यात रिमोटचे सेल, मोबाइलची कव्हरं, चावीची माकडं, फुगे, पिचकाऱ्या; आणि काचेच्या छोट्या कपाटात तिचा लाडका माल. हातात मावतील अशी चिनी गेमची मशिनं आणि त्यांच्या पाठीत खोचायच्या कॅसेटी. त्या सगळ्या कॅसेटींमध्ये थोड्याफार फरकाने एकच खेळ. एक पोरगं गवतातून हिंडतं, चित्रविचित्र प्राणी पकडतं, त्यांना वाढवतं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवतं. असला खरा खेळ म्हणे जपानात तयार होतो. त्याची चीनमध्ये नक्कल होते, नकलेची परत नक्कल होते, आणि ती गोणीत भरून वापीच्या एका व्यापाऱ्याकडे येते. तिथून काकी आणायची.

काकी तलासरीकडची. नवरा आठवडी बाजारात खेळणी विकायचा. तो गेल्यावर तिने त्याचा धंदा उचलला आणि त्याचा शर्टही. साडीवर तो चौकड्यांचा शर्ट ती बारा महिने घालायची, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. अंगाने काटक, कपाळावर गोंदण, चष्म्याची एक काडी रबरबँडने बांधलेली. बसायला चिकूचा उलटा क्रेट. माझं नाव तिला माहीत होतं, पण तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए झेरॉक्स!" अशी बोळात हाक घुमली की दोन-चार अनोळखी माणसंही दचकून माझ्याकडे बघायची.

मी सरावलीची, शिकलेली, दुकानाचं लायसन भिंतीवर फ्रेम करून लावणारी. सुरुवातीला मी तिला शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, "काकी, हा नकली माल आहे. कधीतरी अंगाशी येईल."

"तू दिवसभर काय करतंस?" तिने विचारलं.

"झेरॉक्स."

"म्हणजे नक्कल ने? त्या पुस्तकाच्या पाठीवर लिवलंय नक्कल करू नका, आणि तू आख्खं पुस्तक काढून देतंस कॉलेजच्या पोरांना. मी कधी बोलले तुला?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आपलं झाकून दुसऱ्याचं वाकून बघायची सोय काकीच्या शेजारी राहून कुणालाच नव्हती.

पण तिचा एक कायदा होता आणि तो तिने मरेपर्यंत पाळला. माल विकताना ती आधीच सांगायची, "डुप्लिकेट आहे. घ्यायचा तर घे." मागच्या बाजूला, स्टेशनजवळ, आणखी दोघे असलाच माल विकायचे आणि 'एकदम ओरिजिनल' म्हणून शपथा घ्यायचे. काकी त्यांचं नाव निघालं की थुंकायची. "मी डुप्लिकेट विकते, खोटं नाय विकत," म्हणायची. एकदा मुंबईहून चिकूच्या वाडीवर सुट्टीला आलेलं एक कुटुंब आलं. वडिलांनी खोक्यावरची सोनेरी चिकटपट्टी दाखवली. "इथे तर ओरिजिनल लिहिलंय."

"खोका खोटं बोलतोय," काकी म्हणाली. "कव्हरवर तो हिरवा ड्रॅगन दिसतो ने? तो आत कुठेच नाय. मी खेळून बघितलाय. पोराला आधीच सांगा, नायतर रडेल."

गृहस्थ हसले. म्हणाले, "बाई, असं सांगून तुमचा धंदा कसा होतो?" पोराने कॅसेट घेतली आणि पुढच्या सुट्टीत ते पुन्हा तिच्याकडेच आले. धंदा असा होत होता.

या कॅसेटींचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे त्यांच्यात खेळ राहत नाही. खऱ्या कॅसेटीत म्हणे आत एक बारीकसा सेल असतो. मशीन बंद केलं तरी तुम्ही कुठवर आलात, काय काय पकडलं, हे तो धरून ठेवतो. नकलेत त्या सेलची नुसती जागा असते. काकीने मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून तिथे सेल बसवून घेऊन पाहिला, उपयोग झाला नाही. आणि वर कमाल अशी, की तुम्ही खेळ ठेवायला सांगितलात तर पडद्यावर 'ठेवला' असं अक्षरात लिहून येतं. बंद करून चालू केलं की सगळं सफाचट. याचा काकीला मनापासून राग होता. "नाय ठेवता येत तर नाय म्हण," ती मशीनला उद्देशून म्हणायची. "झालं म्हणून कशाला सांगतंस मेल्या?"

त्यातूनच ते चालू मशीन सुरू झालं.

आमच्या बोळाच्या टोकाला मुलींचं वसतिगृह आहे. तलासरीकडच्या, पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शाळा शिकतात. घरी भाताची आणि नाचणीची शेती, आणि शेती संपली की आईबाप मजुरीला. रविवारी दुपारी त्यांना बाजारात सोडतात. त्या सगळ्या काकीच्या गाळ्यासमोर उभ्या राहायच्या, विकत काही घ्यायच्या नाहीत. दुसरा दुकानदार असता तर हाकलल्या असत्या. काकीने कपाटातलं एक मशीन काढलं, चार्जरला लावून बाहेरच्या फळीवर ठेवलं, वायर चिकटपट्टीने भिंतीला पक्की केली आणि म्हणाली, "खेळा. पण बंद नाय करायचं. परत रविवारी इथनंच पुढे."

आठवडाभर मशीन चालू राहिलं. मग महिनाभर. त्या फळीवर काकीने खडूने लिहून ठेवलं होतं, 'बंद करणाऱ्याचा हात मोडेल.' पोस्टमन, पालिकेचा माणूस, मी, सगळे त्या फळीपासून अंग चोरून जायचो.

त्या खेळात मधूनमधून माणसं भेटतात आणि काहीबाही बोलतात. ते बोलणं चिनीतून इंग्रजीत कोणीतरी पाट्या टाकल्यासारखं उतरवलेलं. मुलींनी मला वाचायला बोलावलं, कारण मी इंग्रजी टायपिंगवाली. मी वाचलं. एक म्हातारा म्हणत होता, 'तुझा मासा आनंदी भिंत आहे, लवकर मर.' मी दोनदा वाचलं, माझ्या इंग्रजीची लाज गेली. तेव्हा संगीता नावाची आठवीतली मुलगी, जिच्या हातात मशीन जास्त असायचं, शांतपणे म्हणाली, "तो म्हणतो, मासा बरा आहे, भात खाऊन जा." बाकीच्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून खेळातलं प्रत्येक माणूस मुली सांगतील तेच बोलायला लागलं. म्हातारा आजोबा झाला. एक सारखी शिव्या देणारी बाई निघाली, ती वसतिगृहाची स्वयंपाकीण झाली. प्राण्यांची नावं तर वाचायच्या लायकीचीच नव्हती. त्यांचं बोंबिल्या, खेकडी, डांगर, घुबडमामा असं बारसं झालं. काकी क्रेटवर बसून हे ऐकत राहायची आणि एखादं गिऱ्हाईक आलं तर तोंडावर बोट ठेवून त्यालाच गप्प करायची.

पुढे एक वाघ सापडला. पट्टेरी, डोळे लाल, आणि बाकी सगळ्यांना एका पंजात लोळवेल असा. मला वाटलं, आता पोरी जिंकल्या. पण मुलींनी त्याला लढवायला साफ नकार दिला. तो वाघोबा. त्यांच्या पाड्यांवर वाघदेव गावाच्या शिवेवर बसतो, कोरलेल्या लाकडात. त्याला शेंदूर लावतात, पहिलं पीक दाखवतात. त्याला कोणी झुंजायला पाठवत नाही. मी म्हटलं, "अगं, हा चिनी वाघ आहे. त्याला काय कळतंय?" सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी दुकानात जाऊन उगाच टोनर हलवत बसले.

शेवटी निवाडा काकीने दिला. "नाय लढवायचा. तो बसेल. बाकीच्यांना तयार करा." आता या खेळाचा शेवटचा गडी असा दांडगा, की वाघाशिवाय त्याला हरवायचं म्हणजे बोंबिल्या आणि खेकडीला महिनोन्‌महिने गवतातून हिंडवून मोठं करायला हवं. कुठल्याही शहाण्या पोराने ते केलं नसतं. या मुलींनी ते केलं. पावसाळा आला आणि गेला, बोंबिल्या मोठा होत राहिला, आणि मशीन चालू राहिलं.

वारा सुटून एकदा बाजारातली वीज दुपारभर गेली. मशीनच्या कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायला लागला. काकीने ते पदरात घेतलं आणि गाळा उघडा टाकून फरसाणवाल्याच्या जनरेटरकडे धावली. तिथे ती अख्खी दुपार धुरात उभी राहिली. फरसाणवाला म्हणाला, "काकी, मोबाइल आहे काय?" "नाय, पोरींचं आहे," काकी म्हणाली. त्याला वाटलं, औषधाचं काहीतरी असेल. त्याने खुर्ची दिली.

दिवाळीच्या सुट्टीला मुली गावी निघाल्या तेव्हा फक्त शेवटची लढाई उरली होती. संगीता काकीला म्हणाली, "काकी, आम्ही येईतोवर?"

"येईतोवर चालू राहील," काकी म्हणाली. "माझा शब्द."

मी हे माझ्या काउंटरवरून ऐकलं. काकी शब्द देण्यात कंजूष होती. उधारीवाल्याला, नातेवाइकाला, देवालासुद्धा तिने दिलेला मी ऐकला नव्हता.

भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांनी बोळात पोलिसांची जीप आली. जीपच्या मागे एक पांढरी गाडी. गाडीतून इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण माणूस उतरला, गळ्यात ओळखपत्र. तो खऱ्या गेमवाल्या कंपनीतर्फे आला होता, नकली माल पकडून द्यायला. स्टेशनजवळचे ते दोघे ओरिजिनलवाले शटर ओढून कधीच पसार झाले होते. काकी बसून राहिली.

"हा माल नकली आहे, मॅडम," तो म्हणाला.

"हो," काकी म्हणाली.

एवढ्या लवकर होकार येईल असं त्याला वाटलं नसावं. तो जरा अडखळला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मी सगळ्यांना सांगूनच विकते. तुम्हाला पण सांगितलं असतं. तुमच्या कंपनीचं डहाणूत दुकान कुठे आहे?"

"डहाणूत नाही."

"तलासरीत?"

"नाही, पण—"

"तुमचा खरा गेम मराठीत बोलतो?"

"प्रश्न तो नाहीये, मॅडम."

"माझा तोच आहे," काकी म्हणाली. "पण ऱ्हाऊ दे. कायदा तुमचा. घेऊन जा."

आणि तिने स्वतः कपाट उघडून कॅसेटी काढून दिल्या. बरोबर आलेला हवालदार घाटावरचा, वयाने मोठा, पोट सुटलेला. तो गोणीत भरत गेला. शेजारची दुकानदार म्हणून पंच व्हायला मला ओढलं. मी कपाळाला हात लावून उभी राहिले. सगळं शांतपणे चाललं होतं, तोच त्या तरुणाचं लक्ष फळीकडे गेलं. त्याने चालू मशीन उचललं आणि बटणाकडे अंगठा नेला.

काकी इतक्या जोरात उठली की क्रेट बोळात जाऊन पडला. तिने त्याचं मनगट धरलं. "बंद नाय करायचं."

"सोडा हात! हा पण नकलीच आहे."

"नकली आहे. घेऊन जा. चालू घेऊन जा."

"काकी," हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "जप्ती म्हणजे जप्ती."

"करा ने. मी कुठे नको म्हणते? जप्त करताना बंद करायचं, असं लिवलंय काय कायद्यात?"

हवालदाराने डोकं खाजवलं. तसं काही लिहिलेलं त्याला आठवत नव्हतं.

"हे बघा," तो तरुण म्हणाला, "तुम्ही पुराव्याला हात लावताय. हा वेगळा गुन्हा होतो."

"बंद केलं तर आतलं सगळं पुसून जातं," काकी म्हणाली. "मग पुरावा कोणी मारला? मी का तुम्ही? झेरॉक्स, तू पंच आहेस ने? लिव हे."

माझी बोबडी वळली होती, खोटं कशाला सांगू. पोलीस, जीप, बोळात जमलेली गर्दी, आणि माझं फ्रेम केलेलं लायसन. पण काकीने त्या माणसाचं मनगट अजून सोडलेलं नव्हतं, आणि मला बोंबिल्या आठवला. मी म्हटलं, "साहेब, बाई म्हणतात ते खरं आहे. बंद केलं तर काही राहणार नाही. मी महिनोन्‌महिने बघतेय. आणि पंच म्हणून मी असं लिहून सही करेन."

हवालदाराने दोघांकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. मग पंचनाम्यात लिहिलं, 'एक खेळाचे यंत्र, चालू स्थितीत.' जीपमध्ये पुढच्या सीटवर काकी बसली, मांडीवर मशीन, मशीनला पॉवर बँक. तिला कोणी अटक केलेली नव्हती. ती मशीनबरोबर निघाली होती.

पुढचे दिवस काकी पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात राहिली म्हटलं तरी चालेल. मशीन ठेवलं होतं पाण्याच्या कूलरमागे, तिथे प्लगची जागा होती. सकाळी ती डबा घेऊन यायची, बाकावर बसायची आणि अधूनमधून उठून लाल दिवा लागला नाही ना, ते बघायची. जाताना ड्युटीवरच्या शिपायाला दम देऊन जायची. मी दुपारी चहा घेऊन जात असे. हवालदार एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, त्यात आहे तरी काय? पैसेबिसे?" मी म्हटलं, "मासा आहे. बोंबील." त्याने मला वेड्यात काढलं असेल, पण मशीनला धक्का लागू नये म्हणून कूलरचा प्लग मात्र त्यानेच ओढून दुसरीकडे लावला.

मुली यायच्या दिवशीच तो कंपनीचा माणूस परत आला. माल सीलबंद करून कोर्टात पाठवायचा होता. सील करायचं म्हणजे मशीन बंद करायचं, यावर आता वाद नव्हता. काकी फक्त म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबा. पोरींची बस तलासरीहून निघालीय."

"मला मुंबई गाठायची आहे," तो म्हणाला.

हवालदाराने जांभई दिली. "सील साहेबांच्या कपाटात आहे. साहेब बंदोबस्ताला गेलेत. चावी त्यांच्याकडे." हे खरं होतं का ते मला आजही माहीत नाही. तो तरुण फोन लावत बसला, हवालदार पाय पसरून बसला, आणि काकी हायवेच्या दिशेला नजर लावून बसली. हायवेवर ट्रक उलटून गाड्या तुंबल्या होत्या. काकी घड्याळाकडे बघत नव्हती, म्हणून मीही बघितलं नाही.

ऊन उतरल्यावर मुली आल्या. रिक्षातून, एकीवर एक बसून, टिनाच्या पेट्या मांडीवर. वसतिगृहाच्या बाईंना मीच फोन केला होता. पोलीस स्टेशनची पायरी चढायला त्या बिचकल्या, तशी काकी ओरडली, "या गं! चालू आहे!"

संगीताने मशीन हातात घेतलं. बाकीच्या तिच्या खांद्यांवरून वाकल्या. तिच्या मागे हवालदार, दोन शिपाई, तक्रार द्यायला आलेला एक रिक्षावाला. खेकडी पडली. डांगर पडला. घुबडमामाने बराच टिकाव धरला आणि तोही पडला. समोरचा गडी अजून ताठ उभा. हवालदाराला राहवेना. "अगं पोरी, तो वाघ आहे ना! सोड त्याला!"

"नाय!" सगळ्या मुली एकदम ओरडल्या. हवालदार दोन पावलं मागे सरला.

मग बोंबिल्या गेला. एका पावसाळ्यात वाढवलेला तो लिबलिबीत मासा. मार खात राहिला, परत उठत राहिला. कंपनीचा माणूस केव्हा फोन ठेवून मागे येऊन उभा राहिला, मला कळलं नाही. शेवटच्या घावाला समोरचा गडी कोसळला, तेव्हा व्हरांड्यात अशी आरोळी उठली की आतून कोठडीतल्या कोणीतरी "काय झालं, काय झालं" म्हणून विचारलं.

आणि पडदा पांढरा झाला. नुसता पांढरा. संगीताने बटणं दाबून पाहिली. काही नाही. नकलेची नक्कल करणाऱ्याने शेवट भरलाच नव्हता. इतक्या लांब कोण येणार आहे, असं त्याला वाटलं असेल.

कंपनीचा माणूस हळूच म्हणाला, "असल्या खेळांना शेवट असतो. सगळी माणसं परत भेटतात, गाणं लागतं." तो खरंच हळहळून बोलला, हे मला त्याच्या बाजूने सांगायला हवं.

काकीने त्याच्याकडे बघितलं, मग मुलींकडे. "बोला गं," ती म्हणाली. "काय होतं पुढे?"

एक बारकी मुलगी म्हणाली, "आजोबा भात टाकतात." "सगळ्यांना बोलवतात," दुसरी म्हणाली. "त्या हरलेल्याला पण." "खेकडीला बरं वाटतं." "स्वयंपाकीण पहिल्यांदा हसते." बघता बघता सगळ्याच बोलायला लागल्या, एकमेकींचं तोडत, आपल्या बोलीत, मला निम्मं कळत होतं. संगीता पांढऱ्या पडद्याकडे बघतच म्हणाली, "बोंबिल्याला खाडीत सोडून येतात. तो जातो. वळून बघत नाय." काकी तो शेवट पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिली, आणि त्या इस्त्रीच्या शर्टवाल्यालाही तिने ऐकायला लावला. तो निघायला लागला तर हाताने थांबवलं.

मग तिने संगीताच्या हातातून मशीन घेतलं आणि स्वतःच्या अंगठ्याने बटण दाबलं. "घ्या," ती हवालदाराला म्हणाली. "आता करा सील." माझे डोळे भरून आले. तिचे कोरडे होते.

तिच्या गाळ्याच्या मालकाने पोलिसांचं निमित्त करून त्याच रात्री चावी मागून घेतली. काकी तलासरीला भावाकडे गेली आणि तिथल्या बाजारात बसायला लागली. काय विकतेस, असं मी फोनवर विचारलं नाही. तिने न विचारता सांगितलं आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं. भेटू भेटू म्हणता उन्हाळ्यात ती तापाने गेली. दाखला कोर्टात मी देणार नाही. देईल कोणी द्यायचा तो. तिच्या नावाचा पुकारा होऊ दे कोर्टात आणखी काही दिवस.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी, पोलीस स्टेशनच्या पायरीवरून. मुलींना वसतिगृहात पोचवायला ती निघाली होती. डोक्यावर एका बारकीची पेटी, अंगात तो चौकड्यांचा शर्ट, दोन्ही बाजूंना मुली. मागून कंपनीची पांढरी गाडी आली आणि हॉर्न वाजवू लागली. मुली बाजूला व्हायला लागल्या, तशी काकीने दोघींचे हात धरून त्यांना परत मधे ओढलं. हॉर्न वाजतच होता. मी पायरीवरून ओरडले, "काकी, बाजूला हो गं!"

ती रस्त्याच्या मधोमध चालत राहिली, आणि गाडी तिच्यामागून, तिच्या चालीने, बाजारापर्यंत गेली.